मोठ्या संख्येची कुंडली कशी मांडावी

उदाहरणाला ३,३५,५०,३३६ घेऊ. कागद-पेन पुरे, कॅल्क्युलेटर हवाच तर ताळा पाहण्यापुरता.

पायरी १ : अवयव पाडा. अंकांची बेरीज, उलटसुलट वाचन वगैरे गमती नंतर. शेवटचा अंक सम आहे, म्हणून २ ने भागत सुटा: १,६७,७५,१६८, मग ८३,८७,५८४... बाराव्या भागाकाराला ८१९१ उरतात आणि गाडी थांबते.

पायरी २ : ८१९१ मूळ संख्या आहे का? तिचं वर्गमूळ ९० च्या जरासं वर. म्हणजे ३ ते ८९ मधल्या २३ मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. कंटाळवाणं काम, पण इथे पळवाट आहे. ८१९१ म्हणजे २ चा तेरावा घात वजा १, आणि १३ ही मूळ संख्या. अशा संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला २६ ने (१३ च्या दुपटीने) भागलं, की बाकी १ च उरते. ९० च्या आत या अटीत बसणाऱ्या मूळ संख्या दोनच: ५३ आणि ७९. ५३ ने भागल्यास बाकी २९, ७९ ने भागल्यास ५४. झालं, ८१९१ मूळ आहे! तेवीस भागाकारांचं काम दोनांत उरकलं.

पायरी ३ : विभाजक मोजा. २ चा घात १२, ८१९१ चा १. प्रत्येक घातात १ मिळवून गुणा: १३ × २ = २६ विभाजक.

पायरी ४ : विभाजकांची बेरीज करा. सव्वीसच्या सव्वीस लिहीत बसू नका. २ च्या घातांची १ पासून ४०९६ पर्यंतची बेरीज ८१९१. तिला (१ + ८१९१) ने गुणलं की ६,७१,००,६७२. मूळच्या संख्येची बरोब्बर दुप्पट! स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच आली, की ती परिपूर्ण संख्या. जास्त आली तर विपुल, कमी आली तर न्यून. ६, २८, ४९६, ८१२८ यांच्यानंतरची पाचवी परिपूर्ण संख्या हीच. २ च्या घातांवरून अशा संख्या घडवण्याची रीत युक्लिडने दिली. सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कुठल्या रूपात असूच शकत नाही, हे ऑयलरने सिद्ध केलं.

पायरी ५ : आता किरकोळ ओळखी. १ ते ८१९१ ची बेरीज हीच येते, म्हणून ती त्रिकोणी. १ ते १२७ मधल्या विषम संख्यांच्या घनांची बेरीजही हीच. हर्षद मात्र नाही. देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी हे नाव अशा संख्यांना दिलं, ज्यांना स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो. इथे बेरीज २८. ४ ने भाग जातो, पण ७ ने बाकी १ उरते.

सरावासाठी ८,५८,९८,६९,०५६ घ्या. २ ने सोळा वेळा भाग जाऊन १,३१,०७१ उरतील. त्या २ चा सतरावा घात वजा १, म्हणून २६ ऐवजी ३४ घ्यायचे. चार भागाकारांत निकाल लागेल.