गाईचे न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) जंतू मारतात का, हे तपासण्याआधीची तयारी

पहिलं काम पीएच ११ चं डिस्टिल्ड वॉटर; शेवटी न्यूट्रोफिल फोडून आतले जंतू बाहेर काढायला तेच लागतं. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं आणि सगळी चाचणी फुकट गेली. न्यूट्रोफिलने जंतू गिळला म्हणजे मारलाच असं नाही. एका पेशीत आठ स्टॅफिलोकॉकस ऑरियस (चाचणीतले जंतू) जिवंत असतील आणि पेशी न फोडताच नमुना अगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) पसरला, तर वसाहत (जंतूंचा ठिपका) उगवते एकच. सात मेले असं वाटतं, मेलेला एकही नसतो. पाण्याचा पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने ११ वर आणा आणि चाचणीच्या सकाळी पुन्हा मोजा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो उतरतो.

गाय निरोगी हवी. नुकतीच व्यालेली नको, तेव्हा न्यूट्रोफिल मंद असतात. डेक्सामेथासोन (स्टिरॉइड) टोचलेली तर अजिबात नको. मानेच्या शिरेतून रक्त काढाल ते ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात), आणि सढळ हाताने. गाईच्या रक्तात लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, न्यूट्रोफिल कमी. सेंट्रिफ्यूजमध्ये १००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट जोराने) २० मिनिटं फिरवलं की वरचा प्लाझ्मा आणि पांढुरका थर काढून टाका. तो थर बघून मोह होतो, पण न्यूट्रोफिल खाली, तांबड्या पेशींबरोबर असतात. तांबड्या पेशी फोडायला थंड डिस्टिल्ड वॉटर, ३० सेकंद, वर एक सेकंद नको. लगेच त्याच्या निम्मं २.७ टक्के मिठाचं पाणी. तांबड्या पेशी फोडायचं डिस्टिल्ड वॉटर साधं, पीएच ११ चं नव्हे! दोन्ही बाटल्यांवर वेगळी, ठळक लेबलं लावा.

पेशी दोनदा धुवा; ईडीटीए उरलं तर ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि सीरममधलं (गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या द्रवातलं) कॉम्प्लिमेंट, म्हणजे जंतूंना चिकटून ते गिळायला सोपे करणारी प्रथिनं, कामच करत नाही. ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या रंगाने) बघा, ९५ टक्क्यांहून जास्त पेशी जिवंत हव्यात.

सीरम ताजं. ५६ अंशांवर तापवलेलं चालणार नाही, त्यातलं कॉम्प्लिमेंट गेलेलं असतं. जंतूंचे गोळे व्होर्टेक्सने (नळी जोरात घुसळणाऱ्या यंत्राने) मोडा, मग १० टक्के सीरममध्ये ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवा. एका पेशीमागे पाच ते दहा जंतू.

पेशी न घातलेली एक नळी हवीच: तेच जंतू, तेच सीरम, शेवटी तेच पीएच ११ चं पाणी. जंतूंची घट सीरम-पाण्यामुळे झाली की पेशींमुळे, हे तीच सांगते.

पुढचं सरळ. पेशी आणि जंतू एकत्र केले की नळ्या फिरत्या ठेवा. ०, ३०, ६०, १२० मिनिटांना नमुना. प्रत्येक नमुना आधी पीएच ११ च्या पाण्यात पाच मिनिटं, व्होर्टेक्स, मगच पातळ करून अगारवर. ३० ते ३०० वसाहतींच्या प्लेटा मोजा.