अँप्लिफायर बदलण्याआधी सोफा सरकवा

स्टिरिओचा आवाज बरा लागत नाही म्हणून कोणी सल्ला विचारला, की मी आधी हॉलचा फोटो मागवतो. कोथरूड असो नाहीतर धायरी, फोटो तोच. चकचकीत टाइल्स, स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबलेले, त्यातला एक फुलदाणीमागे, आणि सोफा समोरच्या भिंतीला चिकटलेला. अशा खोलीत लाखाचा अँप्लिफायर आणलात तरी गोंगाटच ऐकू येणार. तेव्हा तपकीर गल्लीकडे, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराकडे, गाडी काढण्याआधी घरातलंच सामान हलवू.

स्पीकर कप्प्यातून बाहेर काढा. भिंतीलगत, त्यातही कोपऱ्यात, खर्ज फुगतो. तबल्याची रेकॉर्ड लावली की लगेच कळतं: डग्ग्यावरची मींड हरवते आणि नुसतं भुम्म उरतं. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणा आणि मग वीत-वीत मागेपुढे करत ऐका. १० बाय १५ च्या हॉलमध्ये एवढी जागा सोडायची म्हणजे घरात वाटाघाटी आल्याच. आमच्याकडे फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा आहेत. ऐकायला बसलो की स्पीकर खुणेवर, पाहुणे आले की भिंतीशी.

दोन स्पीकरांमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच प्रत्येकापासून तुमच्या डोक्यापर्यंत. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाज काढणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर. स्टँड नसेल तर भक्कम स्टूलही चालतं. सोफा भिंतीपासून सोडवा, पण खोलीच्या बरोब्बर मध्यावर आणू नका. १५ फूट लांबीच्या खोलीत ३७-३८ हर्ट्झच्या आसपास लाट उभी राहते. तिचा दाब भिंतींशी सर्वांत जास्त आणि मध्यावर जवळजवळ शून्य असतो. म्हणून भिंतीला टेकून बसलेल्याला खर्ज अति वाटतो, तर मधे बसलेल्याला गायबच.

आता वायरी तपासा. एका स्पीकरची लाल-काळी उलट लागली असेल तर एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, खर्ज एकमेकांत विरतो आणि गाणारा नेमका कुठे बसलाय ते कळत नाही. पाठ असलेली रेकॉर्ड घ्या. मी भीमसेनजींची एखादी लावतो, आरंभी तानपुरा मोकळा ऐकू येईल अशी. आवाज दोघांच्या मधोमध यायला हवा. नाही आला तर एकाच स्पीकरच्या वायरी उलटवून पुन्हा ऐका. अँप्लिफायर बंद करूनच, हे सांगायला नको, तरी सांगतो.

वायर महाग हवी असं मुळीच नाही. पाच मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर ८ ओहमच्या स्पीकरला पुरून उरते. वाचलेले पैसे खोलीवर घाला.

आणि खोलीला खरंच गरज असते. हॉलच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग ‘टण्ण’ असा चिरका नाद आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवताहेत. त्याच तुमच्या गायकाच्या ‘स’ला धार लावतात. तुम्ही नेहमीच्या जागी बसा आणि घरातल्या कोणालातरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला, की भिंतीवरची तीच जागा झाकायची. पुस्तकांचं कपाट उत्तम; नसेल तर जाड गोधडी टांगा. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये सतरंजीपेक्षा जाड गालिचा बरा. अंड्यांचे ट्रे चिकटवणारे पुण्यात अजून आहेत. त्यांचा उपयोग जवळपास शून्य, आणि पेट घेतात ते वेगळंच.

जुन्या सेटचा आवाज वाढवताना खरखर येत असेल तर सेट बंद करून व्हॉल्यूमच्या कंट्रोलमध्ये थोडा काँटॅक्ट क्लीनर (विजेचे सांधे साफ करणारा स्प्रे) मारा आणि नॉब दोन्ही टोकांपर्यंत फिरवत राहा. बुडाशी सतत घूं ऐकू येत असेल तर आधी सेटटॉप बॉक्सची केबल काढून बघा. गुणगुण थांबली तर चोर सापडला. मग टीव्ही, बॉक्स आणि अँप्लिफायर एकाच बोर्डावर घ्या. तरीही राहिली तर केबलच्या वाटेत आयसोलेटर बसवा, म्हणजे सिग्नल जाऊ देणारा पण विजेची थेट जोडणी तोडणारा छोटा डबा. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कापा, असं कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.