दोरीखालची तीन बोटे: धनुर्विद्येसाठी हातमोजा निवडताना

धनुर्विद्येच्या वर्गात मी वयाच्या 31व्या वर्षी नाव घातले. कोथरूडच्या बाजूला एका शाळेच्या मैदानावर शनिवार-रविवारी सकाळी वर्ग भरत असे आणि माझ्या रांगेत बहुतेक सगळी सहावी-सातवीतली मुले असत. पहिले दोन महिने वर्गाच्या सामायिक टॅबवर, म्हणजे दोरी ओढताना बोटांच्या आतल्या बाजूस धरायच्या चामड्याच्या सपाट तुकड्यावर, भागले. पुढे स्वतःचे काही साहित्य असावे असे वाटू लागले. धनुष्य परवडण्यासारखे नव्हते, म्हणून निदान हातमोजा तरी आपला असावा, अशा विचाराने मी डेक्कनवरच्या एका दुकानात गेले. तिथे दोनच प्रकार होते आणि त्यांतला हाताला जो अधिक मऊ लागला तो मी घेतला. ही निवड चुकीची होती. ती नेमकी कशी चुकली हे कळायला मला दीड वर्ष आणि आणखी दोन हातमोजे लागले.

हातमोजा घेण्याआधी आपण कोणते धनुष्य चालवणार आहोत, हे ठरलेले असले पाहिजे. 2023 साली बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी जागतिक विजेतेपदे मिळवली, त्यानंतर आमच्या वर्गात चौकशीला येणाऱ्या पालकांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आणि त्यांतले कित्येक जण 'त्यांच्यासारखा हातमोजा' कुठे मिळेल असे विचारत. ते दोघेही कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके बसवलेल्या धनुष्याच्या प्रकारात खेळतात, आणि कंपाउंडमध्ये दोरी बोटांनी न ओढता हातात धरलेल्या रिलीज नावाच्या उपकरणाने ओढतात व सोडतात. त्यामुळे तिथे बोटांच्या हातमोज्याचा प्रश्नच येत नाही. ऑलिंपिकमध्ये वर्षानुवर्षे चालत आलेल्या रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेल्या धनुष्याच्या प्रकारात दोरी बोटांनीच ओढतात, परंतु वरच्या पातळीवरचे जवळजवळ सर्व खेळाडू हातमोजा न वापरता टॅबच वापरतात. टोकियो ऑलिंपिकपूर्वी भारतीय धनुर्धरांचा सराव आपल्याच पुण्यात, घोरपडीच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये झाला होता. त्या पातळीचे स्वप्न असणाऱ्या मुलांनी सुरुवातीपासून टॅबचीच सवय लावून घ्यावी, असे आमचे सर सांगत आणि मलाही आता ते पटते. टॅबचा पृष्ठभाग एकसंध असल्यामुळे तिन्ही बोटे दोरीवरून एकाच वेळी सुटतात. हातमोज्यात प्रत्येक बोट आपापल्या टोपीत, म्हणजे बोटाच्या टोकावर चढणाऱ्या चामड्याच्या खोळीत असते आणि एखादे किंचित मागे राहू शकते.

मग हातमोजा कोणी घ्यावा? बेअरबो, म्हणजे नेम धरायची साधने न लावलेले धनुष्य, किंवा लाकडी वा बांबूचे पारंपरिक धनुष्य चालवणाऱ्याने. ज्याला टॅब सतत सावरत बसण्याचा कंटाळा आहे त्याने. आणि ज्याची बोटे टॅबवर एकमेकांना घासतात त्याने. मी बेअरबो चालवते. हातमोजा चढवला की बाण ओढून काढणे, गुण लिहिणे, पाण्याची बाटली उघडणे ही सगळी कामे तो न काढता होतात. स्पर्धेच्या नियमांनाही हातमोजा चालतो. अट इतकीच की दोरी धरून ठेवणारी किंवा सोडणारी कोणतीही यंत्रणा त्यात नसावी.

आता बोटांवर येणाऱ्या भाराबद्दल. माझे तेव्हाचे धनुष्य 24 पाउंडांचे होते, म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर सुमारे 11 किलोचा ताण. रिकर्व्हच्या पात्रता फेरीत 72 बाण सोडावे लागतात. तेवढेच बाण सरावात सोडले तरी बोटांनी एकंदर 780 किलोंच्या आसपास वजन ओढलेले असते, आणि ते काही मिलिमीटर जाडीच्या दोरीवर. हा भार तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांवर पडतो व त्यांत मधल्या बोटाचा वाटा सर्वांत मोठा असतो. अंगठा दोरीला लागत नाही, म्हणून हातमोज्याला तीनच टोप्या असतात. (एकलव्याचा प्रश्न प्रत्येक नवीन तुकडीत कोणी ना कोणी विचारतोच. अंगठ्याने दोरी ओढण्याची पद्धत वेगळी आहे, ती मध्य व पूर्व आशियात रुजली आणि तिथे बहुतेक ठिकाणी हातमोज्याऐवजी अंगठ्यात कडे घालतात.) बोटांच्या दोन्ही कडांनी संवेदनेच्या नसा जातात, दोरी चुकीच्या जागी रुतली तर फोड येण्याच्या आधी मुंग्या येतात. मुंग्या किंवा बधिरपणा आला की त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवावा. फोड आठवड्यात बरा होतो, पण माझ्या अनामिकेच्या टोकाचा बधिरपणा जायला सव्वा महिना लागला होता.

तो बधिरपणा त्या पहिल्या, मऊ हातमोज्याची देणगी होती. त्याच्या टोप्यांमध्ये स्पंजासारखे अस्तर होते. दुकानात बोट दाबून पाहिले तेव्हा गादीवर हात ठेवल्यासारखे वाटले, परंतु दोरी ओढल्यावर ते अस्तर दोरीखाली चेपून दोन्ही बाजूंना फुगत असे आणि दोरी जणू खाचेत अडकून बसे. सोडताना बोटे आपोआप सुटण्याऐवजी मला ती झटक्याने उघडावी लागत, आणि त्या झटक्याने बाण सातत्याने डावीकडे जात. सरांनी दोन आठवडे माझी कोपराची रेषा तपासली, खांदा तपासला, आणि शेवटी एक दिवस आपला जुना टॅब माझ्या हातात दिला. पहिलेच सहा बाण मध्यभागी आले असे मी म्हणणार नाही, पण ते डावीकडे गेले नाहीत. हातमोज्यात सुख शोधायचे ते मऊपणात नाही, हे मला त्या सकाळी समजले. जे कातडे दोरीचा दाब पसरवते, स्वतः चेपत नाही आणि सोडताना दोरीला वाटेत अडवत नाही, तेच शंभराव्या बाणाला सुखाचे वाटते. दुकानात पहिल्या मिनिटाला ते थोडे कडकच लागते.

कातड्याच्या बाबतीत माझा अनुभव असा. हरणाचे कातडे, किंवा त्या नावाने विकले जाणारे, पातळ व लवचिक असते; त्यातून दोरी नीट कळते आणि 25 पाउंडांपर्यंतच्या धनुष्याला ते पुरते, पण त्यापुढे बोटांना लागू लागते. गाईचे किंवा म्हशीचे जाड कातडे स्वस्त व दणकट असते, मात्र ते रुळायला वेळ घेते. घोड्याच्या पुठ्ठ्यावरचे, कॉर्डोव्हान नावाचे कातडे घट्ट आणि गुळगुळीत असते व जड धनुष्यांसाठी नावाजलेले आहे. त्याची किंमतही तशीच असते. ज्यांनी घरात कोल्हापुरी चप्पल वापरली आहे त्यांना फरक लवकर कळेल. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले ते कातडे सुरुवातीला चावते, मग पायाचा आकार घेते आणि तो सोडत नाही. चांगला हातमोजाही असाच वागतो.

दुसरा हातमोजा मी कडक घेतला, पण मापात फसले. बहुतेक ठिकाणी माप तळहाताच्या घेरावरून देतात: अंगठा सोडून बोटांच्या मुळाशी टेप गुंडाळायचा. हे माप तळहाताला बरोबर बसते आणि बोटांना बसेलच असे नाही. माझी बोटे तळहाताच्या मानाने जाड आहेत. टोप्या इतक्या आवळ झाल्या की विसाव्या बाणाला नखाखालचा भाग जांभळा दिसू लागे. त्यात टोपीची शिवण आतून, नेमकी पेराच्या मांसल भागावर होती. म्हणून माझा आग्रह असा की तिन्ही बोटांच्या शेवटच्या पेराचा घेर दोऱ्याने वेगवेगळा मोजावा आणि तोही संध्याकाळी, कारण दिवसभराच्या कामाने बोटे किंचित सुजलेली असतात. टोपी चढवल्यावर बोटाचे टोक आत टेकले पाहिजे, पुढे रिकामी जागा राहता कामा नये. तरीही हात खाली सोडून झटकला असता ती निसटू नये. शिवण बोटाच्या कडेला किंवा पाठीवर असावी. दोरी जिथे बसते, म्हणजे टोकाकडून पहिल्या सांध्याच्या खाचेत किंवा तिच्या किंचित आत, तिथून कोणतीही शिवण जाता कामा नये.

दुकानात धनुष्य ओढून पाहायला मिळेलच असे नाही, आणि मिळाले तरी बाण न लावता दोरी सोडायची नसते. त्याने धनुष्याच्या पात्या तडकतात. यावर मी एक सोपा उपाय करते. आपल्या ओढीच्या लांबीचा, धनुष्याच्या दोरीइतक्याच जाडीचा नायलॉनच्या दोरीचा फास खिशात ठेवते, डाव्या हातात त्याचे एक टोक धरते आणि हातमोजा घालून दुसरे टोक हनुवटीपर्यंत ओढते. वीस वेळा ओढून दहा-दहा सेकंद धरले की आवळ शिवण, निसटणारी टोपी आणि मनगटाच्या पट्ट्याचे हनुवटीला लागणारे बक्कल, सगळे तिथेच कळते. दुकानदार विचित्र नजरेने पाहतात, पण अजून कोणी हाकलून दिलेले नाही.

उजव्या-डाव्याचा घोळही इथेच मिटवून टाकावा. हातमोजा दोरी ओढणाऱ्या हातात घालतात, धनुष्य धरणाऱ्या हातात नाही. आणि कोणता हात दोरी ओढणार हे पुष्कळदा हातापेक्षा डोळ्यावर ठरते. गच्चीवर उभे राहून दोन्ही तळव्यांचा छोटा त्रिकोण करावा, त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून पर्वतीच्या देवळाचा कळस पाहावा, आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने कळस त्रिकोणातच राहतो तो आपला मुख्य डोळा. आमच्या वर्गातल्या एका मुलाचा मुख्य डोळा डावा निघाला आणि सरांनी त्याला दुसऱ्या हातावर नेले; नवा कोरा हातमोजा त्याच्या धाकट्या बहिणीला गेला.

टिकाऊपणाचे म्हणाल तर कातडे झिजण्याच्या आधी शिवण जाते. माझ्या तिसऱ्या, आजच्या हातमोज्याची मधल्या बोटाची टोपी आठव्या महिन्यात उसवली. आमच्या चौकातले चप्पल शिवणारे काका तो उलटसुलट करून म्हणाले, "ताई, दोरा मशीनचा आहे, तो एका जागी तुटला की सगळा धावतो." त्यांनी आरीने जुन्याच भोकांतून मेण लावलेला दोरा दोन्ही बाजूंनी ओवला, ती शिवण अजून हललेली नाही. तेव्हापासून नवीन हातमोजा घेतला की वापरण्याआधीच मी तो त्यांच्याकडे नेते. धनुष्याच्या दोरीवर मधोमध जो दोरा गुंडाळलेला असतो तो विरलेला, खरखरीत झाला असेल तर तो कातडे कानसीसारखा घासतो. तोही वेळेवर बदलून घ्यावा. कातड्यावर दोरीची खाच पडणारच, आणि उथळ खाच उपयोगाची असते, कारण बोटे रोज त्याच जागी बसतात. ती इतकी खोल झाली की सोडताना दोरी अडल्याचे जाणवते, तेव्हा हातमोजा संपला असे समजावे.

पुण्यात खरा शत्रू जुलै महिना आहे. पहिल्या पावसाळ्यात मी ओला हातमोजा पिशवीत तसाच ठेवला आणि आठवड्याने त्यावर हिरवट बुरशीची लव आली. आता घरी आल्यावर तो कोरड्या फडक्याने पुसून, टोप्यांमध्ये वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली ठेवते; उन्हात किंवा शेगडीजवळ कधीच नाही, कारण त्याने कातडे आक्रसते. तेल पाजण्याचा मोह टाळावा. तेलाने कातडे मऊ पडते आणि दोरी पुन्हा त्या पहिल्या हातमोज्यासारखी रुतू लागते. एप्रिल-मेच्या घामावर बाहेरून चिमूटभर टाल्कम पावडर पुरते.

सध्याचा हातमोजा अडीच वर्षे चालला आहे आणि अनामिकेच्या टोपीवरची खाच आता नखाने जाणवते. त्याच मापाचा नवा मी आणून ठेवला आहे. दर रविवारी शेवटचे दोन डझन बाण त्याने सोडते, बाकीचे जुन्याने. दिवाळीनंतरच्या स्पर्धांपर्यंत तो बोटांवर बसलेला असेल असा अंदाज आहे.