वयस्कर पेशंट वॉर्डातच खंगतो: या चुका टाळा

केस पेपरवर ‘पेशंट जेवत नाही’ एवढंच लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. जेवत नाही म्हणजे काय? भूक नाही, गिळता येत नाही, तोंड आलंय, की ताटापर्यंत हातच पोचत नाही? यातलं एकही न विचारता लोक थेट नळीने अन्न द्यायचा विषय काढतात.

एका आजींचं असंच झालं. ऐंशीच्या पुढचं वय, खुब्याच्या ऑपरेशननंतरचा चौथा दिवस. तीन दिवस ‘जेवण नाकारले’ अशी नोंद, आणि आहारतज्ज्ञ व्हायला शिकणाऱ्या नव्या ट्रेनीने रायल्स ट्यूबची, म्हणजे नाकातून पोटात घालायच्या नळीची, शिफारस लिहूनही टाकलेली. मी मुद्दाम जेवणाच्या वेळी गेले. ट्रे पलंगाच्या पायथ्याशी, झाकण घट्ट बसलेलं. उजव्या हाताला सलाइन. कवळी खणात टिश्यूत गुंडाळलेली, चष्मा तिच्याखाली. आजींना खुर्चीत बसवलं, कवळी धुऊन लावली, झाकण काढलं. पंचवीस मिनिटांत निम्म्याहून जास्त ट्रे संपला. “झाकण निघत नव्हतं हो बाई, आणि तुम्ही सगळे घाईत,” म्हणाल्या. ट्रेनीला मी नंतर एकच काम दिलं: आठवडाभर ट्रे परत उचलायच्या वेळी वॉर्डात उभी राहा, आणि किती खाल्लं ते पाव, अर्धं, पाऊण असं लिही. ‘बरं जेवले’ ही नोंद मी धरतच नाही.

दुसरी चूक नेमकी उलटी, आणि ती जिवावर बेतते. दहा दिवसांहून जास्त जेमतेम काही पोटात गेलेला पेशंट आला की नवख्यांना पहिल्याच दिवशी सगळं भरून काढायचं असतं. दिवसाला दर किलो वजनामागे ३० किलोकॅलरी, वजन ४० किलो, म्हणजे १२००, करा सुरू! आकडा बरोबर, दिवस चुकीचा. उपाशी शरीरात एकदम एवढं अन्न गेलं की इन्शुलिन चढतं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढलं जातं. यालाच रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. माझ्या उमेदवारीच्या काळात एका आजोबांना असंच नळीतून पूर्ण फीड, म्हणजे पातळ अन्न, लागलं. तिसऱ्या दिवशी धाप, बरळणं, फॉस्फेट तळाला, रवानगी आयसीयूत. वाचले ते. पण फीडचा तो चार्ट मी भरला होता, आणि पटकन वजन वाढेल म्हणून खूशही होते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची २००६ सालची मार्गदर्शिका अशा पेशंटला दर किलोला जास्तीत जास्त १० किलोकॅलरीपासून सुरुवात करायला सांगते, फारच वाईट अवस्था असेल तर ५. म्हणजे ४० किलोला ४००. मग चार ते सात दिवसांत हळूहळू वर. थायमिन (ब१ जीवनसत्त्व) दिल्याची सही दिसल्याशिवाय मी फीड सुरू होऊ देत नाही, आणि पहिले काही दिवस रक्ताचे रिपोर्ट रोज मागते. सिस्टर वैतागतात. वैतागू देत.

बाकीच्या चुका थोडक्यात. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, कमी दिसलं की ‘प्रोटीन वाढवा’ म्हणू नका. इन्फेक्शन किंवा शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असला तरी ते पडतं. वजन अंदाजाने लिहू नका, आणि पायावर सूज असेल तर काट्यावरही भरवसा ठेवू नका. आधीच खंगलेल्या माणसाला बिनमिठाचं, बिनतेलाचं, बिनसाखरेचं एकाच वेळी चालू करून वर तो खात नाही म्हणून तक्रार करू नका. तपासणी पुढे ढकलली तर ‘उपाशी ठेवा’चा बोर्ड काढायला कुणाला तरी सांगा.

पोषणासाठी प्यायला देतात त्या सप्लिमेंटच्या बाटल्यांचंही तेच. युरोपियन मार्गदर्शिकेप्रमाणे यांतून रोज किमान ४०० किलोकॅलरी आणि ३० ग्रॅम प्रोटीन मिळायला हवं, तेही निदान महिनाभर. खिडकीत सीलबंद उभ्या असलेल्या बाटल्यांतून शून्य मिळतं. मी त्या जेवणाच्या वेळी देत नाही, पोट भरून जातं. मधल्या वेळेला, थोड्या थोड्या, सील फोडून हातात. नुसतं गार करून दिलं तरी बरेच जण पितात.

आणि डिस्चार्ज कार्डावरचं ‘पौष्टिक आहार घ्यावा’ मी सरळ खोडते. त्याजागी काय, किती, दिवसातून किती वेळा आणि पुन्हा वजन कुठल्या तारखेला, हे लिहिते. मोठ्या अक्षरात, कारण चष्मा बहुतेक वेळा अजून खणातच असतो.