निष्काळजीपणाच्या तक्रारीत तज्ज्ञ डॉक्टरचं मत कसं मिळवाल

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतल्या दवाखान्यात उपचार झाले, रुग्ण दगावला किंवा अधू झाला, आणि ग्राहक आयोगात तक्रार करायची ठरली की घरचे पहिल्यांदा मोठ्या नावाचा डॉक्टर शोधायला निघतात. घाई तिथेच होते. अपुरी फाईल पाहून मोठ्यातला मोठा सर्जनही 'काही सांगता येत नाही' असंच म्हणणार.

म्हणून आधी फाईल. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, भुलीची नोंद, ऑपरेशन नोट, संमतीपत्र, लॅबचे रिपोर्ट, बिलं आणि स्कॅनची सीडी, सगळं मागा. एक्स-रेच्या मोबाईलवर काढलेल्या फोटोवरून कुणी शपथेवर मत देत नाही. रुग्ण छिंदवाडा, बालाघाट किंवा गडचिरोलीहून आणलेला असेल तर तिथल्या दवाखान्याचे कागदही लावा, कारण 'आमच्याकडे आणायलाच उशीर झाला' हा बचाव ठरलेला असतो. मृत्यू झाला असेल आणि शंका असेल तर शवविच्छेदन अंत्यविधीआधीच मागावं लागतं. ते नसलं की मृत्यूचं कारण हाच वादाचा मुद्दा होऊन बसतो.

सगळी पानं तारीख-वेळेच्या क्रमाने लावून त्यांना आकडे घाला. मग प्रश्न लिहा. खरी मेहनत इथे आहे. 'डॉक्टरने हलगर्जी केली का?' हा प्रश्न तज्ज्ञाला विचारू नका, तो निकाल आयोगाचा. समजा पोटाच्या ऑपरेशननंतर रात्री 11 वाजता नाडी 96 आणि रक्तदाब 110/70 होता. पहाटे 4 वाजता नाडी 138, रक्तदाब 80/50. मधल्या पाच तासांत डॉक्टरची एकही नोंद नाही, रक्ताची मागणी 4:40ला. तर विचारायचं असं: या आकड्यांवरून आत रक्तस्राव होतोय असा संशय किती वाजता यायला हवा होता? त्या वेळी साधारण कसबी सर्जनने काय केलं असतं? ते केलं असतं तर रुग्ण वाचण्याची शक्यता किती होती? तिसरा प्रश्न बरेच जण विसरतात. चूक सिद्ध होते, पण नुकसान त्या चुकीमुळेच झालं हे जुळत नाही, आणि तक्रार पडते.

तज्ज्ञ त्याच शाखेचा हवा. भुलीच्या प्रकरणात सर्जनचं मत अर्धंच वजन धरतं. शहरातल्या डॉक्टरांची एकमेकांशी ओळख असते, त्यामुळे नागपुरात कुणी लिहून द्यायला तयार होत नसेल तर वर्धा, पुणे, मुंबई किंवा हैदराबादकडे बघा. मत कागदांवरून द्यायचं असल्याने अंतराची अडचण नाही. निवृत्त प्राध्यापक चांगले, मात्र हल्ली ती शस्त्रक्रिया करतात की नाही हे विचारून घ्या. नंतर ज्यांनी रुग्णावर उपचार केले ते डॉक्टर घटनेचे साक्षीदार म्हणून मोलाचे. त्यांनाच तज्ज्ञ करणं टाळलेलं बरं. मानधन वेळेचं, पावतीवर. 'भरपाई मिळाली तर इतके टक्के' असा सौदा उलटतपासात उघडा पडला की मताची किंमत संपली.

मत शपथपत्रावर घ्या. त्यात शिक्षण, नोंदणी क्रमांक, कुठली पानं वाचली, त्या काळातली मान्य पद्धत काय, ती कुठे मोडली आणि त्याचा परिणाम काय, हे कारणांसह हवं. संदर्भग्रंथाची आवृत्ती घटनेच्या आधीची असू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005च्या जेकब मॅथ्यू निकालापासून कसोटी स्पष्ट आहे: दुसऱ्या डॉक्टरने वेगळं केलं असतं एवढ्याने निष्काळजीपणा ठरत नाही. फौजदारी खासगी तक्रारीलाही, त्याच निकालानुसार, दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं विश्वासार्ह मत आधी लागतं.

आयोगाकडे अर्ज करून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतल्या तज्ज्ञांचं मत मागवता येतं. अहवाल कधी एका ओळीत संपतो: 'उपचार योग्य.' गप्प बसू नका. समितीत त्या शाखेचा डॉक्टर होता का, फाईल पूर्ण पोहोचली का, हे तपासून लेखी हरकत घ्या. तज्ज्ञाने निष्कर्षामागची कारणं आणि सामग्री समोर ठेवली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009मध्ये रीजन्सी हॉस्पिटल प्रकरणात सांगितलं आहे. अहवाल आयोगावर बंधनकारकही नसतो.

प्रत्येक तक्रारीला तज्ज्ञ लागतोच असंही नाही. मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झालेल्या व्ही. किशन राव प्रकरणात 2010मध्ये न्यायालयाने तेच म्हटलं. पोटात राहिलेला कापसाचा बोळा किंवा चुकीच्या पायावर झालेलं ऑपरेशन स्वतःच बोलतं.

तक्रारीची मुदत 2 वर्षांची आहे. मतासाठी शेवटचा महिना ठेवू नका, कारण फाईल वाचून तज्ज्ञ नकारही देतात. जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाख. ती मोजतात रुग्णालयाला दिलेल्या रकमेवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. सगळ्यांनाच मोफत सेवा देणाऱ्या सरकारी दवाखान्यातलं प्रकरण मात्र ग्राहक आयोगात चालत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालय.

उलटतपास बहुधा लेखी प्रश्नावलीने होतो. गरज पडल्यास व्हिडिओवरूनही घेता येतो. तज्ज्ञाला उत्तरं लिहिताना फाईल समोर ठेवायला सांगा आणि प्रत्येक उत्तरात पान क्रमांक घालून घ्या. 'हा रक्तस्राव ऑपरेशनची माहीत असलेली गुंतागुंत आहे, हे खरं का?' हा प्रश्न येणारच. नुसतं 'हो' लिहिलं की पुढचं सगळं हातून जातं. उत्तर हवं ते असं: हो, पण प्रश्न तो झाला का हा नाही, पान 43वरच्या नोंदीनंतर तो ओळखायला पाच तास का लागले, हा आहे.