पुराच्या दिवसांत सांगलीहून कंटेनर पाठवायचा तर

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत सकाळचा फोन उचलला की पहिला प्रश्न ‘आयर्विनला किती?’ हाच, म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण बेदाणा, हळद, साखर नाहीतर कास्टिंग कंटेनरमध्ये भरून मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला धाडणाऱ्याने चाळिसाची वाट बघत बसू नये. त्याचा आकडा बहुतेक वेळा त्याच्याही खाली असतो, आणि तो ज्याचा त्याने काढायचा असतो.

आपला आकडा काढा

गोदामापासून महामार्गावरच्या पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता एखाद्या कोरड्या दिवशी मुद्दाम फिरून बघा. कुठला ओढा आधी फुगतो, कुठला सखल तुकडा पहिल्यांदा पाण्याखाली जातो, हे रस्त्याकडेचा चहावाला तुम्हाला बिनचूक सांगेल. त्या वेळी आयर्विन पुलाजवळ पाणी किती होतं, तेही विचारा आणि लिहून ठेवा. आठवणी ताज्या आहेत: २००५ ला पाणी ५३ फुटांवर गेलं, २०१९ ला ५७ च्याही वर, २०२१ ला ५४ च्या पुढे. समजा तुमचा रस्ता ३८ फुटांना बंद होतो. मग ट्रेलर आत येणं, माल भरणं आणि बाहेर पडणं यात जो एक दिवस जातो, त्या दिवसात पाणी जेवढं चढू शकेल तेवढं ३८ मधून वजा करा. उरेल तो तुमचा आकडा. पाणी त्याच्या वर असेल तर रिकामा कंटेनर मागवूच नये, हे माझं स्पष्ट मत. माल गोदामात कोरडा असतो. ट्रेलरवर चढला की त्याची काळजी आणि भाडं दोन्ही सुरू होतं. अर्थात गोदामच नदीकाठी असेल तर हिशेब उलटा: आधी माल उंचावर, मग कंटेनरचं बघू. २००५ मध्ये हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, पाण्यात गेली, ते इथे कुणी विसरलेलं नाही.

वरचं पाणी वाचायला शिका

सांगलीचा पूर सांगलीच्या पावसावर कमी आणि वरच्या पाण्यावर जास्त ठरतो. कोयना धरण १०५ टीएमसीचं, वारणेचं चांदोली ३४ टीएमसीचं. कोयनेचं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, वारणेचं हरिपूरला. जलसंपदा विभागाच्या पत्रकात कराड, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, म्हैसाळ अशी पातळी येते. नुसत्या आयर्विनच्या ओळीवर बोट ठेवू नका. वरच्या अंगाचे कराड आणि बहे चढायला लागले की तुमच्या हातात थोडा वेळ उरलाय, असं समजा. कोयनेचा विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि त्याच दिवशी हवामान खात्याचा घाटमाथ्यासाठी रेड अलर्ट असेल, तर फोन फिरवायला लागा. पाणी उतरायला मात्र चढण्यापेक्षा जास्त वेळ घेतं, हेही धरून चला. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे इथे पाणी तुंबतं की नाही, यावर वाद घालणारे घालोत, आपण वेळापत्रकात तीन-चार दिवस जास्तीचे टाकावेत.

कट-ऑफपासून मागे मोजा

जहाजाची तारीख नको, बंदराचं गेट कट-ऑफ बघा, म्हणजे त्या जहाजासाठी कंटेनर बंदरात घेण्याची शेवटची वेळ. त्यातून मागे या: कस्टमची कामं, घाटातली रखडपट्टी, पुण्याजवळची कोंडी, मग सांगलीतून निघण्याची वेळ. एरवी एक दिवस पुरतो तिथे पावसाळ्यात तीन धरा. नैऋत्य मोसमी वाऱ्यात जहाजंही उशिरा लागतात, त्यामुळे कट-ऑफ बदलतं. फॉरवर्डरला (जहाजाचं बुकिंग बघणाऱ्या एजंटला) रोज सकाळी एक मेसेज टाकून ते खात्री करून घ्या. मागणी मोठी असेल तर पाच कंटेनर एकाच जहाजावर चढवण्याचा मोह टाळावा, दोन जहाजांत विभागावेत.

मार्ग ठरवताना

नेहमीचा मार्ग म्हणजे सांगली, इस्लामपूर, पेठ नाका, मग महामार्गाने कराड, सातारा, खंबाटकी घाट, पुणे. यात आयर्विन किंवा शेजारच्या पुलावरून कृष्णा ओलांडावीच लागते. पुरात तासगाव, विटा, मायणी, दहिवडी, फलटण, लोणंद करत पुणे गाठता येतं. हा सगळा दुष्काळी पट्टा, आणि कृष्णा ओलांडायची गरजच नाही. एरवी ज्या भागात टँकर फिरतात, तोच पुरात आपली सुटका करतो. रस्ता लांब आणि अरुंद आहे, गावातली वळणं आहेत; चाळीस फुटी ट्रेलरचा ड्रायव्हर त्या रस्त्याचा माहितगार असावा. येरळा नदीवरचा पूल मात्र निघण्याआधी विचारून घ्या. कोकणात उतरणारे कुंभार्ली, आंबेनळी असले घाट पावसाळ्यात कंटेनरसाठी विचारातच घेऊ नका. कोल्हापूरकडून माल आणणार असाल तर शिरोलीची आठवण ठेवा, २०१९ ला महामार्ग तिथे कित्येक दिवस बंद होता.

कंटेनर तपासा, मगच भरा

आत उभं राहून दार बंद करून घ्या. अंधारात कुठून टिकलीएवढाही उजेड आला तर तो कंटेनर परत पाठवा. ‘साहेब, इतकं चालतं’ यावर जाऊ नका. फळी ओलसर लागली तरी तेच. पाऊस धो-धो कोसळत असताना दार उघडं टाकून भरू नये, कारण बाहेरची दमट हवाही मालाबरोबर आत बंद होते. रात्री पत्रा गार पडला की आतून घाम फुटतो आणि थेंब वरच्या खोक्यांवर पडतात. म्हणून माल पॅलेटवर, वर क्राफ्ट कागद, आणि कॅल्शियम क्लोराइडच्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या बाजूला टांगून. एका वर्षी आम्ही घाईत या पिशव्या वगळल्या. वरच्या थरातला बेदाणा चिकट होऊन गेला आणि खरेदीदाराच्या फोटोंनी आमचा दिवाळीचा फराळ कडू केला.

रिकामा कंटेनर अंगणात उतरवून ठेवत असाल तर हेही लक्षात असू द्या: वीस फुटी रिकाम्या कंटेनरचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास, आणि तळ पंधरा चौरस मीटरचा. दाराचं रबर घट्ट असेल तर फूट-दीड फूट पाण्यातच तो उचलायला लागतो. ट्रेलरवर असेल तर कंटेनर ट्रेलरला जखडणारे चारही कोपऱ्यांचे ट्विस्टलॉक लावलेत ना, हे स्वतः बघा.

कागदपत्रं

ई-वे बिलाला, म्हणजे जीएसटीच्या माल वाहतूक परवान्याला, दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे न्हावा शेव्याला दोन दिवस. गाडी अडकली तर मुदत संपण्याआधीच्या आठ तासांत किंवा संपल्यानंतरच्या आठ तासांत वाढवता येते. नैसर्गिक आपत्ती हे कारण निवडावं. वाटेत ट्रेलर ओढणारी गाडी बदलली तर बिलाच्या भाग बी मध्ये, म्हणजे वाहनाच्या तपशिलात, नवा नंबर टाका.

विम्याचं वाचून घ्या. सागरी माल विम्याच्या अटी ए, बी, सी अशा तीन प्रकारच्या असतात, ए मध्ये संरक्षण सगळ्यात जास्त. निर्यातीच्या सी क्लॉजमध्ये नदीचं पाणी कंटेनरमध्ये शिरल्याचं नुकसान धरलेलं नाही, बी मध्ये आहे. छताच्या भोकातून पावसाचं पाणी गळलं तर बी सुद्धा उपयोगाचा नाही, ए हवा. आणि उशिरामुळे माल खराब झाला किंवा भाव पडला, तर तिन्हींत काही मिळत नाही.

एलसीवरची (खरेदीदाराच्या बँकेच्या पैशांच्या हमीपत्रावरची) शेवटची शिपमेंट तारीख बँक पुरामुळे आपोआप पुढे ढकलत नाही. आपला आकडा ओलांडल्याच्या दिवशीच खरेदीदाराला पातळीच्या पत्रकाचा फोटो पाठवून दुरुस्ती मागा. तारीख उलटल्यावर मागितलेली दुरुस्ती म्हणजे सवलतीच्या घासाघिशीला आमंत्रण.

अडकलात तर

भरलेला ट्रेलर अडकला तर ड्रायव्हरला पाण्यातून काढायला सांगू नका, मागे उंचावर, पेट्रोल पंपावर उभा करायला सांगा. सीलचा नंबर दिसेल असे फोटो, जागा आणि वेळ रोज घ्या. रस्ता बंद असल्याच्या जिल्हा प्रशासनाच्या सूचना जपून ठेवा. मग शिपिंग लाइनला लगेच ईमेल करा. डिटेन्शन (कंटेनर मुदतीपेक्षा जास्त दिवस ठेवल्याचं शुल्क) माफीचा अर्ज पूर असताना केला तर थोडंफार ऐकलं जातं, बिल आल्यावर केला तर ते आकडा वाचून दाखवतात. पाणी उतरल्यावर पहिला ट्रेलर बोलवण्याआधी गोदामाच्या दारातला गाळ काढून खालची जमीन दाबून बघा. भरलेल्या गाडीचं चाक तिथे रुतलं तर क्रेन मिळायलाही त्या आठवड्यात रांग असते.