स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, मग अडतं कुठे?

स्वालबार्डमध्ये राहायला आणि नोकरी करायला व्हिसा किंवा वर्क परमिट लागत नाही, हे खरं आहे. पण भारतीय पासपोर्ट घेऊन तुम्ही तिथे सरळ जाऊ शकाल असं नाही. बहुतेकांची गल्लत इथेच होते, म्हणून सुरुवात इथूनच.

आर्क्टिकमधला हा द्वीपसमूह 74 ते 81 अंश उत्तर अक्षांशांमध्ये येतो. सार्वभौमत्व नॉर्वेचं आहे, पण 9 फेब्रुवारी 1920 रोजी पॅरिसमध्ये सही झालेल्या करारानुसार. हा करार 1925 मध्ये अमलात आला. करारातल्या देशांच्या नागरिकांना इथे राहण्याचा आणि उद्योगधंदा करण्याचा समान हक्क आहे, इथे गोळा होणारा कर इथल्याच गरजांसाठी वापरायचा असतो आणि नाविक तळ उभारायला बंदी आहे. भारत या करारात ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून 1920 पासूनच आहे. नॉर्वे प्रत्यक्षात देशादेशांत फरक करत नाही, करारात नसलेल्या देशांचे लोकही तिथे राहतात.

प्रवासाची कागदपत्रं

शेंगेन क्षेत्र म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश. नॉर्वे त्यात आहे, स्वालबार्ड मात्र त्याच्या बाहेर आहे. प्रवासी विमानं नॉर्वेतल्या ऑस्लो किंवा ट्रोम्सोहून सुटतात, म्हणजे जाताना शेंगेनमध्ये शिरून बाहेर पडायचं आणि परतताना पुन्हा शिरायचं. त्यामुळे भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतोच, आणि तो किमान दोन प्रवेशांचा हवा. अर्जात 'एक प्रवेश' अशी खूण राहून गेली, तर तो प्रवेश ऑस्लोला उतरतानाच संपतो. स्वालबार्डला पोहोचाल, पण परतीच्या वाटेवर नॉर्वेत पाऊल ठेवायची परवानगी हातात नसेल. व्हिसा मिळाल्यावर स्टिकरवरचा प्रवेशांचा रकाना वाचा: 02 किंवा MULT यांपैकी काहीतरी असायला हवं, 01 असेल तर तिथेच दुरुस्ती मागा.

तारखांचंही तसंच आहे. स्वालबार्डमध्ये घालवलेले दिवस शेंगेनच्या 90 दिवसांत मोजत नाहीत, पण परतीच्या दिवशी व्हिसाची मुदत शिल्लक असावीच लागते. हिवाळी वादळांत विमानं रद्द होतात, त्यामुळे मुदत परतीच्या तारखेलाच संपणार असेल तर ती जोखीम आहे. पासपोर्ट तपासणी जातानाही होते. ऑस्लोहून ट्रोम्सोमार्गे जाणाऱ्या विमानात असाल, तर ट्रोम्सोला उतरून रांगेत उभं राहावं लागतं.

खाऊ नेणाऱ्यांसाठी: युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत आणता येत नाहीत. आईने बांधून दिलेला तुपाचा डबा आणि पेढे ऑस्लोच्या कस्टममध्येच राहतील. मसाले, डाळी, पापड, मेतकूट यांना ही आडकाठी नाही.

राहायचं असेल तर आधी घर

इथे मूळ नियम एकच: स्वतःचा भार स्वतः उचला. नॉर्वेतल्यासारखी समाजकल्याणाची मदत इथे नाही. राहायला जागा नाही किंवा खर्च भागत नाही असं दिसलं, तर गव्हर्नर तुम्हाला द्वीपसमूहाबाहेर पाठवू शकतो. 'सिसेलमेस्टर' असं या पदाचं नाव आहे आणि पोलीसप्रमुखाचं कामही तोच करतो. म्हणजे यायला कुणी अडवत नाही, पण निभावलं नाही तर थांबूही देत नाहीत.

लाँगयरब्येन हे मुख्य गाव, वस्ती सुमारे अडीच हजार. बरीचशी घरं नोकरी देणाऱ्या कंपन्यांच्या किंवा सरकारच्या ताब्यात आहेत. 19 डिसेंबर 2015 ला डोंगरावरून हिमस्खलन झालं, अकरा घरं ढकलली गेली आणि दोघांचा जीव गेला. त्यानंतर धोक्याच्या पट्ट्यातली बरीच घरं पाडली, त्यामुळे जागेची टंचाई आणखी वाढली. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी नोकरीचा करार, त्यात 'निवास कंपनीकडून' हा मुद्दा लेखी, मग व्हिसा, तिकीट शेवटी. पर्यटन, हॉटेल, साफसफाई आणि संशोधन या क्षेत्रांत जागा निघतात. 'आधी जाऊन तर पाहू, खोली मिळेलच' हा पुण्या-मुंबईचा हिशेब इथे चालत नाही.

सहा महिन्यांहून जास्त राहणार असाल, तर स्वालबार्डच्या लोकसंख्या नोंदवहीत नाव नोंदवा, ते काम कर कार्यालयात होतं. आयकर मुख्य नॉर्वेपेक्षा बराच कमी आहे आणि मूल्यवर्धित कर नाही. तरी किराणा स्वस्त नसतो, सगळा माल जहाजाने किंवा विमानाने येतो.

कितीही वर्षं राहिलात तरी तो काळ नॉर्वेच्या कायम निवासासाठी धरला जात नाही. स्थानिक परिषदेत मतदान करायचं, तर 2022 च्या बदलानंतर परदेशी नागरिकाने आधी नॉर्वेच्या मुख्य भूमीवर तीन वर्षं राहिलेलं असावं लागतं. 'मागच्या दाराने नॉर्वे' असा बेत कुणी सुचवत असेल, तर हे दोन नियम त्याला दाखवा.

पांढऱ्या अस्वलाचा कायदा

वस्तीबाहेर जाणाऱ्याजवळ अस्वल हुसकावण्याचं योग्य साधन असणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणजे सिग्नल पिस्तूल (उजेड आणि आवाज करत फुटणारी गोळी उडवणारं) किंवा तत्सम काही. त्याच्या जोडीला रायफल ठेवावी असा गव्हर्नरचा आग्रह असतो, ती .308 किंवा .30-06 या काडतुसांपेक्षा हलक्या काडतुसाची नको. भाड्याने घ्यायची तर परवानगीसाठी गव्हर्नरकडे अर्ज करावा लागतो, म्हणून गुन्हेगारी नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला भारतातून निघण्यापूर्वीच काढून ठेवा. वस्तीच्या आत भरलेली बंदूक बाळगायला मनाई आहे.

चुका होतात त्या वापरताना. सिग्नलची गोळी अस्वलाच्या आणि तुमच्या मध्ये पडायला हवी. घाबरून उंच नेम धरला तर ती त्याच्या मागे जाऊन फुटते, आणि दचकलेलं अस्वल पळतं ते तुमच्याच दिशेने. दुसरी चूक रायफलीची. थंड रायफल उबदार खोलीत आणली की धातूवर दव जमतं, पुन्हा बाहेर नेली की तेच गोठून यंत्रणा जाम होते. म्हणून मोहिमेवर असताना ती सुरक्षित जागी थंडीतच ठेवतात, आणि थंडीत घट्ट होणारं नेहमीचं तेल पुसून काढतात. कॅमेऱ्यालाही दवाची हीच खोड असते: घरात आणण्यापूर्वी तो बाहेरच हवाबंद पिशवीत घाला, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडा.

तंबू ठोकणार असाल तर भोवती आवाज करणारी तार लावा, अन्न दूर ठेवा आणि रात्रभर पाळीने जागा. गावाजवळ धोका नाही असं समजू नका. ऑगस्ट 2020 मध्ये विमानतळाजवळच्या कॅम्पिंगच्या जागेवर तंबूतल्या माणसाला अस्वलाने मारलं होतं.

उलट बाजूने, अस्वल 1973 पासून संरक्षित आहे. 1 जानेवारी 2025 पासून त्याच्यापासून किमान 300 मीटर अंतर ठेवावं लागतं, 1 मार्च ते 30 जून या काळात 500 मीटर. फोटोसाठी जवळ गेलात की नियम मोडला. अस्वल मारलं गेलं तर चौकशी होतेच, आणि जीव वाचवण्यासाठी दुसरा मार्गच नव्हता हे पटवावं लागतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इथे मरायला बंदी आहे का? नाही, ही अफवा आहे. जमीन बारमाही गोठलेली असल्यामुळे शवपेटी पुरत नाहीत, एवढंच. पुरलेलं कुजत नाही आणि गोठण्या-वितळण्याने हळूहळू वर येतं. 1918 च्या फ्लूमध्ये मेलेल्या खाणकामगारांची थडगी 1998 मध्ये शास्त्रज्ञांनी विषाणूच्या शोधात उघडली होती. अस्थिकलश मात्र परवानगी घेऊन पुरता येतो.

बाळंतपण? रुग्णालय लहान आहे, त्यामुळे गरोदर बाई प्रसूतीच्या सुमारे तीन आठवडे आधी मुख्य भूमीवर जाते. गंभीर रुग्णालाही सुमारे 950 किलोमीटरवरच्या ट्रोम्सोला विमानाने नेतात. विमा घेताना 'स्वालबार्ड' आणि 'हवाई रुग्णवहन' हे दोन्ही शब्द पॉलिसीत शोधा, नुसतं 'नॉर्वे' पुरत नाही.

मांजर? बंदी, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी. कोल्ह्यांत रेबीज आहे, तेव्हा कितीही गोड दिसला तरी हात लावू नका.

दारू? रहिवाशांना खाणीच्या काळापासून चालत आलेलं रेशन कार्ड असतं, महिन्याला बिअरचे 24 कॅन आणि कडक दारूच्या 2 बाटल्या. पाहुण्यांना विमानाचं तिकीट दाखवावं लागतं.

रस्त्यावर जुनी पेटी, हाडं, गंजलेलं अवजार सापडलं तर? हलवू नका. 1946 पूर्वीची माणसाची प्रत्येक खूण आपोआप संरक्षित आहे, गंजलेला खिळासुद्धा.

उजेड? लाँगयरब्येनला साधारण 20 एप्रिल ते 22 ऑगस्ट सूर्य मावळत नाही, तेव्हा जाड पडदे लागतात. ऑक्टोबरच्या अखेरीपासून तो क्षितिजावर येतच नाही, आणि डोंगरांमुळे गावात पहिलं ऊन 8 मार्चच्या सुमारास पडतं. त्या काळात बाहेर पडताना डोक्यावरचा दिवा आणि चमकणारी पट्टी लागते. हॉटेलात शिरताना बूट दारात काढतात, कोळशाच्या धुळीच्या दिवसांतली ती सवय. आपल्याला वेगळी शिकावी लागणार नाही.

आणि हिमाद्री?

भारताचं 'हिमाद्री' केंद्र 2008 पासून न्यू-ओलेसुंड या संशोधन वस्तीत आहे. ते चालवणारी संस्था, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, गोव्यात वास्कोला आहे. हिमाद्रीत पर्यटक म्हणून मुक्काम होत नाही. संशोधकाने प्रस्ताव वास्कोकडे द्यायचा, पुढची व्यवस्था तिथून लागते. न्यू-ओलेसुंडच्या 20 किलोमीटर परिसरात रेडिओ शांतता पाळतात, कारण तिथल्या अँटेना अतिशय क्षीण लहरी टिपतात. बोटीतून उतरण्याआधीच वायफाय, ब्लूटूथ बंद करून फोन फ्लाइट मोडवर टाका. घड्याळ आणि इअरफोनमधलं ब्लूटूथ हमखास विसरतं, तेही तपासा.